दुबईच्या बिलातले शंभर दिरहम: टॅक्स रिफंड परदेशात कसा मिळतो आणि आपल्याकडे का अडलाय

मार्च संपता संपता मामांचा व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. दुबईतल्या मॉलमधलं मोबाईलचं बिल, आणि खाली मेसेज: "ह्याच्यावर टॅक्स फ्री लिहिलंय. पैसे कधी येतेत बघ की जरा."

मामा-मामी उमरग्याहून एका टूरसोबत पाच दिवस दुबईला जाऊन आले होते. आमच्या गावाला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, त्यामुळे हल्ली गावातल्या बऱ्याच टूर शमशाबादहूनच उडतात. मामांनी तिथं माझ्या मामेबहिणीसाठी फोन घेतला होता, २,१०० दिरहमचा. बिलात खाली व्हॅट वेगळा दाखवला होता: १०० दिरहम. दुकानदारानं पासपोर्ट मागून घेतला, स्कॅन केला आणि "एअरपोर्टवर रिफंड घ्या" असं सांगितलं. मामांना ते नीट कळलं होतं. तरी त्यांनी एअरपोर्टवर काहीच केलं नाही. का केलं नाही, ते पुढं सांगतो. ती गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

मी त्यांना फोन करून सांगितलं, "मामा, हे पैसे आता येणार नाहीत." पलीकडं शांतता. मग, "अरे पण बिल आहे की माझ्याकडं!"

बिल असून पैसे का येत नाहीत, हे समजलं की जगातल्या सगळ्या टॅक्स रिफंड योजना एकदम समजतात.

मुळात हे पैसे परत का देतात?

सीमेवरच्या गावात वाढलेल्या माणसाला कर गावाप्रमाणे बदलतो हे शिकवावं लागत नाही. उमरग्यातून हायवेनं निघालं की थोड्याच वेळात कर्नाटक लागतं. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर प्रत्येक राज्याचा आपला कर, म्हणून आमच्याकडचे लोक टाकी भरण्याआधी दोन्हीकडचे भाव बघतात. २०१७ च्या आधी तर असं बऱ्याच वस्तूंचं होतं.

व्हॅट आणि जीएसटी या करांमागचं तत्त्व असं की वस्तू जिथं वापरली जाते तिथल्या सरकारनं कर घ्यावा. मामांचं कृषी सेवा केंद्र आहे, जीएसटी नंबर आहे, त्यामुळे त्यांना उदाहरण पटकन पटलं. कारखान्यानं माल जहाजातून परदेशी पाठवला की निर्यातीवर कर लागत नाही, कारण माल इथं वापरला जाणारच नाही. आता तोच माल एखाद्या पर्यटकानं दुकानातून घेऊन बॅगेत घालून नेला, तर तीही एक छोटी निर्यातच झाली. फरक एवढाच की कारखान्याकडं निर्यातीची कागदपत्रं असतात, पर्यटकाकडं बॅग असते.

म्हणजे टॅक्स रिफंड हा डिस्काउंट नाही. तो "माल देशाबाहेर गेला" या गोष्टीचा परतावा आहे. आणि सगळी भानगड या एका गोष्टीच्या पुराव्यावर येऊन थांबते. पर्यटकानं फोन घेतला, रिफंड घेतला आणि जाताजाता तिथल्याच मित्राला विकून टाकला, तर सरकारचा कर बुडाला. म्हणून दुकानात पासपोर्ट स्कॅन होतो तेव्हा तुमचा रिफंड तयार होतो, पण "पेंडिंग" म्हणून. एअरपोर्टवर तुम्ही वस्तू, बिल आणि पासपोर्ट घेऊन काउंटरवर किंवा मशीनपाशी जाता, तिथं नोंद होते, आणि मगच तो "कन्फर्म" होतो. याला व्हॅलिडेशन म्हणतात. आपण यूपीआयनं पैसे पाठवतो आणि व्यवहार मध्येच पेंडिंग राहतो, तेव्हा स्क्रीनशॉट कितीही जपून ठेवला तरी समोरच्याच्या खात्यात काही जमा होत नाही. मामांचं बिल म्हणजे तो स्क्रीनशॉट होता.

दुबईचा हिशोब

संयुक्त अरब अमिरातीत व्हॅट १ जानेवारी २०१८ ला आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून पर्यटकांना तो परत द्यायची व्यवस्था सुरू झाली. प्लॅनेट नावाची कंपनी सरकारसाठी ती चालवते. दर ५ टक्के. योजनेत सामील असलेल्या दुकानात किमान २५० दिरहमची खरेदी हवी आणि खरेदीपासून ९० दिवसांत वस्तू देशाबाहेर न्यायला हवी.

आता आकडे. २,१०० दिरहमवर ५ टक्के म्हणजे १०५, असं बरेच जण धरतात. पण छापील किमतीत कर आधीच मिसळलेला असतो. मूळ किंमत २,०००, त्यावर ५ टक्के १००, मिळून २,१००. म्हणून परत मिळण्याजोगी रक्कम १००. त्यातले ८७ टक्के पर्यटकाला मिळतात आणि त्यातूनही प्रत्येक बिलामागं ४.८० दिरहम फी कापली जाते. हातात उरतात ८२ दिरहम २० फिल्स. दिरहमचा भाव २५ रुपये धरला तर २,०५५ रुपये. फार मोठी रक्कम नाही, पण मामेबहिणीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरची पुस्तकं निघाली असती.

व्हॅलिडेशन कधी करायचं, यात टूरवाले हमखास गोंधळ घालतात. बॅगा चेक-इन करण्याआधी. नियम सोपा आहे: अधिकाऱ्यानं वस्तू दाखवा म्हटलं तर ती हातात पाहिजे, बेल्टवरून विमानाच्या पोटात गेलेली नको. मशीन बहुतेक वेळा हिरवा सिग्नल देऊन सोडून देतं, पण तपासणी निघाली आणि फोन गेलेल्या बॅगेत असला तर विषय संपला. चाळीस जणांची टूर असेल, टूर मॅनेजर "चला चला, लाईन लागलीय" करत सगळ्यांना काउंटरकडं हाकत असेल, तर एकट्यानं बाजूला होऊन रिफंडचं मशीन शोधणं अवघड जातं. मामा दुकानदार माणूस, त्यांना गर्दीचं भय नाही. त्यांचं अडलं वेगळ्याच ठिकाणी.

एक जुना फॉरवर्ड

टूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परतीच्या आदल्या रात्री एक मेसेज फिरला. भारतात फक्त ५०,००० रुपयांपर्यंतचा माल फुकट आणता येतो, त्यावर गेलात तर कस्टमवाले धरतात, मोबाईलचे बॉक्स टाकून द्या, बिलं फाडा, आणि दुबईला रिफंड घेऊ नका, नाहीतर तुमचं नाव रेकॉर्डवर येतं. "ग्रुपवर सगळेच म्हणायलते," मामा मला म्हणाले. फोन ५२,५०० चा, वर अत्तर आणि खजूर धरून पाच हजार. मामांनी हिशोब केला, ५० च्या वर जातंय म्हणून घाबरले, आणि रिफंडच्या मशीनसमोरून मान खाली घालून निघून गेले. बिल फाडलं नाही, एवढं नशीब.

या फॉरवर्डमधला ५०,००० चा आकडा खोटा नव्हता. तो जुना होता. २०१६ च्या बॅगेज नियमांत परदेशातून परतणाऱ्या भारतीयाला माणशी ५०,००० रुपयांपर्यंतचा माल ड्यूटीशिवाय आणता येत असे. केंद्रानं यंदा नवे बॅगेज नियम आणले, ते २ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाले, आणि ही मर्यादा ७५,००० झाली. मामा मार्चमध्ये गेले होते. म्हणजे ज्या दिवशी ते एअरपोर्टवर घाबरले, त्या दिवशी त्यांची ५७,५०० ची खरेदी मर्यादेच्या चांगली आत होती. ग्रीन चॅनलमधून बिल हातात धरून आले असते तरी चाललं असतं. २,०५५ रुपये त्या दीड महिना शिळ्या मेसेजनं खाल्ले.

मला याचा राग येतो तो यासाठी की हे फॉरवर्ड नेहमी एकाच दिशेनं जातात: लपवा, फाडा, घाबरा. बिल फाडणं तर शुद्ध वेडेपणा. कस्टम अधिकाऱ्यानं विचारलं तर वस्तूची खरी किंमत सांगायला तुमच्याकडं तेच एक साधन असतं. बिल नसेल तर किंमत तो ठरवणार.

अर्थात दुसरी बाजूही आहे. दुबईत ५ टक्के वाचवले आणि इथं मर्यादेच्या वर गेलात, तर वरच्या रकमेवर जी ड्यूटी बसते ती त्या पाच टक्क्यांच्या कितीतरी पट असते. एक-सव्वा लाखाचा लॅपटॉप, कॅमेरा वगैरे घ्यायचा विचार असेल तर रिफंडचा आनंद मानण्याआधी हा हिशोब करा. नव्या नियमांत १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा आणता येतो, ती सोय आहे. आणि सोन्याचं तर स्वतंत्र पुराण आहे. दागिन्यांसाठी जी खास सवलत ऐकून लोक दुबईच्या गोल्ड सूकमध्ये शिरतात, ती वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. पाच दिवसांच्या टूरवाल्यासाठी नाही. मामींनी तिथं एक बांगड्यांची जोडी घालून बघितली आणि काढून ठेवली. मामा म्हणतात, टूरमधला सगळ्यात फायद्याचा व्यवहार तोच.

दुसरे देश काय करतात

प्रत्येक देश "माल खरंच बाहेर गेला का" या प्रश्नाशी आपापल्या परीनं झगडतो, आणि त्यातून नियम बनतात.

सिंगापूरनं हे सगळं पासपोर्टला जोडून टाकलंय. जीएसटी १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे, खरेदी किमान १०० सिंगापूर डॉलरची हवी, दोन महिन्यांत देश सोडायला हवा. चांगीवरच्या मशीनमध्ये पासपोर्ट टाकला की तुमची सगळी बिलं स्क्रीनवर येतात. ऑस्ट्रेलियात एकाच विक्रेत्याकडून ३०० डॉलरची खरेदी ६० दिवसांत बाहेर नेली तर १० टक्के जीएसटी परत मिळतो, आणि मध्ये कोणी खासगी कंपनी नसल्यानं कमिशन कापलं जात नाही. थायलंडमध्ये ७ टक्के, एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बाथ, आणि तो पी.पी.१० फॉर्म दुकानातच भरून घ्यावा लागतो. हॉटेलवर आल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

युरोपात गंमत वेगळी. युरोपियन युनियन हा करासाठी एकच मोठा वाडा समजायचा. पॅरिसमध्ये घेतलं, मग रोमला गेलात आणि रोमहून भारतात आलात, तर शिक्का रोमला, कारण वाड्याचा शेवटचा दरवाजा तो. किमान खरेदीची अट देशागणिक वेगळी: फ्रान्समध्ये १०० युरोच्या वर, इटलीत फेब्रुवारी २०२४ पासून ७० युरोच्या वर, त्याआधी जवळजवळ १५५ होती. फ्रान्सचा व्हॅट २० टक्के आहे हे ऐकून कुणी पाचवा हिस्सा परत मिळेल असं धरू नये. किमतीत मिसळलेला कर आणि मधल्या कंपनीची फी वजा जाता हातात साधारण १२ टक्क्यांच्या आसपास पडतं.

लंडनला जाणाऱ्यांनी मात्र आशा सोडावी. ब्रिटननं १ जानेवारी २०२१ पासून ही योजना इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी बंदच करून टाकली, फक्त उत्तर आयर्लंडमध्ये ती उरली. सप्टेंबर २०२२ मध्ये अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी ती परत आणायची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात त्यांच्या जागी आलेल्या जेरेमी हंट यांनी ती गुंडाळली. तिथले दुकानदार तेव्हापासून ओरडतायत की पर्यटक पॅरिस आणि मिलानला जाऊन खरेदी करतात, आणि सरकार म्हणतं की तिजोरीला परवडत नाही. हा वाद लक्षात ठेवा, कारण आपल्याकडं हा विषय निघाला की हेच दोन आवाज निघणार.

आणि जपान. तिथं आजवर सगळ्यात सोपी पद्धत होती: पासपोर्ट दाखवा, ५,००० येनच्या वर खरेदी करा, १० टक्के कर दुकानातच लागणार नाही. पर्यटकाला रांग नाही, मशीन नाही. पण जिथं कर आधीच माफ होतो तिथं माल बाहेर नेण्याची घाई कुणाला? करमुक्त घेतलेला माल देशातच परत विकायचे धंदे उघडकीस आले. म्हणून येत्या १ नोव्हेंबर २०२६ पासून जपानही रिफंडवर येतोय: दुकानात पूर्ण पैसे भरा, ९० दिवसांच्या आत निघताना कस्टमला दाखवा, मग कर परत. ऑक्टोबरमध्ये जाणारे जुन्या पद्धतीनं आणि डिसेंबरमध्ये जाणारे नव्या पद्धतीनं खरेदी करतील. यूट्यूबवरचे जपान शॉपिंगचे निम्मे व्हिडिओ त्या दिवशी शिळे होणार, आणि तरी ते शेअर होत राहणार. मामांसारखे कितीतरी जण त्यात फसतील.

पैसे घेतानाच्या दोन गोष्टी चटकन सांगतो. कार्डवर रिफंड घेताना मशीन कधीकधी विचारतं, रुपयांत हवे की स्थानिक चलनात? रुपये दिसले की आपुलकी वाटते, पण तो भाव मशीनवाल्या कंपनीचा असतो आणि बहुधा महाग पडतो. स्थानिक चलन निवडा. आणि घरी आल्यावर "तुमचा व्हॅट रिफंड अडकलाय, या लिंकवर यूपीआय पिन टाका" असा मेसेज आला तर तो शंभर टक्के चोर. पैसे यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही. मामा इतके दिवस त्या पैशांची वाट बघत होते, की असा मेसेज त्यांना आला असता तर त्यांनी पिन टाकला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

उलटा प्रश्न: भारतात आलेल्या पर्यटकाचं काय?

माझ्या वर्गातला एक मित्र अमेरिकेत आहे. बहिणीच्या लग्नाला येतोय आणि बायकोसाठी येवल्याची पैठणी घ्यायची म्हणतोय. मी हा सगळा उद्योग वाचतोय हे कळल्यावर त्यानं विचारलं, "मग मला इथला जीएसटी परत मिळेल का? मी तर तिकडचाच झालोय."

उत्तर विचित्र आहे. कायद्यात मिळतो. प्रत्यक्षात मिळत नाही.

आयजीएसटी कायदा, २०१७, कलम १५. त्यात म्हटलंय की भारत सोडून जाणाऱ्या पर्यटकानं सोबत नेलेल्या वस्तूंवर भरलेला आयजीएसटी त्याला परत द्यावा. पर्यटक कोण, तेही सांगितलंय: जो साधारणपणे भारतात राहत नाही आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही इतक्या मुक्कामासाठी आलाय. ही व्याख्या पासपोर्टच्या रंगाबद्दल बोलत नाही, म्हणजे माझा मित्रही तिच्यात बसू शकतो. पण जीएसटी सुरू झाला तेव्हा कायद्याची कलमं अधिसूचना काढून लागू केली गेली, त्यात कलम १५ वगळलं गेलं. तेव्हापासून ते तसंच पडून आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर फीचरचा कोड लिहून झालाय, पण स्विच बंद ठेवलाय.

का बंद असेल? मी सॉफ्टवेअरवाला असल्यानं मला त्यात आधी डेटाचा प्रश्न दिसतो.

आपल्याकडं काउंटरवरच्या विक्रीला सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो, अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. कलम १५ मात्र आयजीएसटी परत द्यायचं म्हणतं. कायदा लिहिणाऱ्यांच्या हे लक्षात होतं, म्हणून त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये त्यांनी लिहून ठेवलंय की पर्यटकाला केलेली विक्री राज्यांतर्गत धरायची नाही. म्हणजे येवल्याच्या दुकानदारानं बिल करताना आधी विचारायचं, "आपण पर्यटक का?" हो म्हटलं तर पासपोर्ट नंबर घ्यायचा आणि त्या बिलावर आयजीएसटी लावायचा. देशातल्या प्रत्येक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट आणि एक खिडकी वाढवायची. हे काम अवघड नाही. मी स्वतः दोन आठवड्यांत करून देईन.

अवघड पुढं आहे. कारखान्याच्या निर्यातीचा आयजीएसटी रिफंड आज आपल्याकडं आपोआप होतो: व्यापाऱ्याच्या रिटर्नमधलं बिल आणि कस्टमकडचं शिपिंग बिल कॉम्प्युटर जुळवून बघतो, जुळलं की पैसे. पर्यटकासाठी असंच करायचं तर त्याच्या एका साडीचं बिल सरकारच्या सिस्टीममध्ये स्वतंत्र दिसलं पाहिजे. ते दिसत नाही. ई-इनव्हॉइसची सक्ती व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या बिलांना आहे, आणि तीही ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना. साध्या गिऱ्हाइकाला दिलेली बहुतेक बिलं दुकानदार रिटर्नमध्ये एकत्र बेरीज करून टाकतो. म्हणजे विमानतळावर माझा मित्र पैठणीचं बिल दाखवेल, अधिकारी सिस्टीम बघेल, आणि तिथं त्या बिलाचा मागमूसच नसेल. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलनं गिऱ्हाइकांच्या बिलांसाठीही ई-इनव्हॉइसचा ऐच्छिक प्रयोग करायची शिफारस केली. पर्यटकांचा रिफंड कधी आला, तर माझ्या अंदाजानं याच वाटेनं येईल.

पण आला तरी तो कुणाच्या गिऱ्हाइकाला मिळेल? वर्षाला ४० लाखांच्या आत माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. त्याच्या वर दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना घेता येते, आणि कंपोझिशनवाल्याला बिलावर कर लावताच येत नाही. जो कर बिलावर नाही तो परत कुठून देणार? सोलापूरची चादर, कोल्हापुरी चप्पल, संभाजीनगरचा हिमरू विकणारी छोटी दुकानं बहुतांशी यातच मोडतात. रिफंड मिळेल तो मॉलमधल्या ब्रँडला आणि मोठ्या शोरूमला. शिवाय आता कापडावर कर ५ टक्केच आहे. २१,००० च्या पैठणीत मिसळलेला कर १,०००, आणि फी कापून त्याचेही आठशे-साडेआठशे. १८ टक्केवाल्या वस्तूंवर रिफंड घसघशीत होईल, पण अमेरिकेतला माणूस भारतातून फोन नेणार का?

म्हणून "पर्यटकांना जीएसटी परत द्या, हस्तकला वाढेल" असं कुणी म्हटलं की मी जरा थांबतो. आधी छोट्या दुकानदाराला डिजिटल बिल करणं फायद्याचं करा, नाहीतर गिऱ्हाईक रिफंडसाठी त्याच्याकडून उठून शोरूममध्ये जाईल. माझं मत हे आहे. कलम १५ चं बटण दाबायलाच हवं, पण दाबताना ते बिल कोण करणार याचाही विचार हवा.

मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे नाही." म्हटलं, हो, म्हणजे नाही.

आणि मामांचे पैसे

मामांचा फोटो मी परत एकदा उघडला तो जूनमध्ये, कारण एक गोष्ट डोक्यात घोळत होती. मी त्यांना विचारलं, "टूरवाल्याचं बिल आहे का?" फाईलमध्ये होतं. दोघांचं पॅकेज १,६०,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी, ८,०००. आणि त्याखाली आणखी एक ओळ, टीसीएस ८,४००. मामा म्हणाले, "ते दोन्ही टॅक्सच की. गेले."

जीएसटी गेला, बरोबर. टीसीएस गेलेला नाही. परदेशी टूर पॅकेज विकताना टूरवाल्याला हा टीसीएस घ्यावाच लागतो, ऑक्टोबर २०२० पासून. तो तुमच्या पॅनवर इन्कम टॅक्समध्ये आगाऊ जमा होतो. मार्च २०२६ पर्यंत तो दहा लाखांपर्यंतच्या पॅकेजवर ५ टक्के होता, १ एप्रिलपासून बजेटनं तो २ टक्क्यांवर आणला. रिटर्न भरताना तो तुमच्या करातून वजा होतो, आणि कर तेवढा बसत नसेल तर खात्यात परत येतो. ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही आणि जे रिटर्नच भरत नाहीत, त्यांचे हे पैसे रिटर्न भरेपर्यंत तसेच पडून राहतात. गावाकडून टूरला जाणाऱ्या निवृत्त मंडळींत असे बरेच असणार.

मामांचं लॉगिन घेऊन आम्ही पोर्टलवर २६एएस उघडलं. टूरवाल्याच्या नावासमोर ८,४०० दिसत होते. सीएला मामांनी टूरचं बिल कधी दाखवलंच नव्हतं, कारण "ते तर फिरायचं बिल, त्याचा धंद्याशी काय संबंध."

दुसऱ्या दिवशी मामांनी तो २६एएसचा स्क्रीनशॉट टूरच्या त्याच ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "सगळ्यांनी आपापलं बघून घ्या." संध्याकाळपर्यंत मला अकरा जणांचे फोन आले.